घरचा धागा

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात कुणाला सरकारकडे काही मागायचं असलं, की त्याची पावलं आपसूक भैय्यालाल सोनकुसरेच्या ओसरीकडे वळत. भैय्यालाल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असे. येणाऱ्याचं गाऱ्हाणं तो हात न थांबवता ऐकून घेई, आणि ऐकता ऐकताच त्याच्या डोक्यात मजकूर जुळत जाई. 'महोदय, उपरोक्त विषयान्वये' इथपासून 'आपला नम्र' इथपर्यंत त्याला सगळं तोंडपाठ होतं. माणूस सातवी शिकलेला, पण निवेदन असं लिही की तहसीलचा बाबूसुद्धा खुर्चीत सावरून बसे. निदान भैय्यालालचा तसा समज होता, आणि पुऱ्यातल्या कुणी तो कधी मोडला नाही.

त्यानं जुन्या पक्षाला निवेदनं लिहिली, नव्या पक्षालाही लिहिली. पक्षांची खरी नावं सांगून काही उपयोग नाही; पुऱ्यात त्यांना जुना आणि नवा एवढंच म्हणत. जुन्याचं राज्य असलं की नवा विणकरांसाठी डोळे पुसायचा, नव्याचं आलं की ते काम जुना करायचा. राज्यं बदलली तरी भैय्यालालचा मजकूर बदलला नाही. 'आम्ही समस्त कोसा विणकर बांधव' हीच त्याची पहिली ओळ असायची.

या बांधवांच्या घरात बायाही होत्या, ही गोष्ट त्या ओळीत कधी बसली नाही.

भैय्यालालच्या घरात दोघी होत्या. एक बायको कौशल्या, दुसरी थोरली वहिनी आनंदाबाई. भाऊ वारून पंधरा वर्षं झाली होती. आनंदाबाईला मूलबाळ नव्हतं, पण ती कुणाच्या उपकारात राहणारी नव्हती. आपलं पोट ती आपल्या धाग्यावर भरत होती आणि हे दिवसातून एकदा तरी बोलून दाखवत होती. "भाऊजीचं खात नाही मी, माया धाग्याचं खातो," असं ती भांडी घासता घासता भिंतीलाही सांगायची. भैय्यालालला ते कधी बोचलं नाही, कारण ते खरंच होतं.

करडीकडच्या जंगलातून डोमा नावाचा माणूस पोत्यात कोसा रेशमाचे कोशे घेऊन यायचा. ऐनाच्या झाडांवर वाढवलेले ते टणक, भुरे कोशे दोघी राखेच्या पाण्यात उकळायच्या. उकळताना घरभर असा वास सुटे की हर्षा, भैय्यालालची मुलगी, लग्न होऊन साकोलीला गेली तेव्हा 'आता वासातून सुटली' असं तिच्या सासूनं हसत म्हटलं होतं. मग मधल्या खोलीत, पडद्याआड, दोघी लुगडं मांडीवर ओढून बसायच्या. चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळव्यानं वळत वळत त्यांचा एक धागा काढायचा, मग तो चकरीवर चढवायचा. वर्षानुवर्षं तेच केल्यानं मांडीची कातडी काळी आणि जाड होऊन जायची. पुऱ्यातल्या प्रत्येक घरात हे काम असंच चाले, आणि म्हणूनच पुऱ्यातला कुणीही पुरुष त्याच्याबद्दल बाहेर चकार शब्द काढत नसे. बायका उघड्या मांडीनं बसतात हे परक्याला कसं सांगायचं? ओसरीवर जे चालतं ते काम, आणि आत जे चालतं ते घरचं, अशी सगळ्यांच्या मनात वाटणी झालेली होती.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पाठोपाठ बाजारात चीनचा धागा आला. बारीक, एकसारखा, चकचकीत. एका व्यापाऱ्यानं भैय्यालालच्या हातात नमुन्याची लडी ठेवली तेव्हा त्याला ती परत द्यावीशी वाटेना. घरच्या धाग्यात गाठी असायच्या. ताण्यात तो दिवसातून वीसदा तुटायचा आणि वीसदा जोडावा लागायचा. हा तुटतच नव्हता. वर भाव निम्मा. भैय्यालालनं मनाशी हिशेब केला आणि तोडगा काढला: उभा ताणा चीनचा, आडवा बाणा घरचा. करवतकाठी लुगडं नेहमीच्या निम्म्या दिवसांत उतरलं. त्याला आनंद झाला होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

कौशल्यानं लुगड्याचा पदर बोटांत धरून चोळला.

"मऊ हाये," ती म्हणाली.

"हो ना."

"आता बाणाबी त्याचाच घ्यान तुमी."

"कायले? बाणा तुमचाच राहीन. तुमच्या धाग्याची ऊब त्याले कुठून येईन?"

तो खरं बोलत होता, पण वर्षभरात व्यापारीच म्हणू लागला की गिऱ्हाइकाला गाठीचा कोसा नको. शेजारच्या मागांवर बाणाही चीनचाच चढला. पुऱ्यातल्या अर्ध्या घरांत कोशे उकळणं बंद झालं. डोमा दोन पोती आणायचा तो एक आणू लागला. आनंदाबाईच्या धाग्याला भैय्यालालच्या मागाशिवाय दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही, आणि 'माया धाग्याचं खातो' हे वाक्य ती आता जरा हळू म्हणायची.

तेव्हा भैय्यालालनं पेन उचललं. हे एक त्याला येत होतं.

सत्ता नव्या पक्षाची होती. सत्तेत येण्याआधी त्या पक्षाच्या मोठ्या नेत्यानं तुमसर रोडच्या मैदानावर जाहीर सांगितलं होतं, की जुन्या पक्षानं जागतिक करारावर सही करून देशाचं दार परक्या मालाला सताड उघडं केलं आहे, आम्ही ते बंद करू आणि विणकराच्या मागाला धक्का लागू देणार नाही. भैय्यालाल त्या सभेला पुढच्या सतरंजीवर बसला होता, आणि टाळ्या वाजवून त्याचे तळवे लाल झाले होते. आता तेच आश्वासन निवेदनात घालून तो नव्या पक्षाचा तालुकाध्यक्ष सेवकराम याच्याकडे गेला.

सेवकरामचं खताचं दुकान होतं. त्यानं निवेदन दोनदा वाचलं.

"भैय्यालालभाऊ, लिहिता झकास तुमी. पन आता करार झाला ना. दार कोनी उघडलं? जुन्यानं. आमी आलो तं दार उघडंच होतं. आता बंद केलं तं साऱ्या दुनियेचा दंड बसते."

"मंग सभेत तसं काहून सांगतलं?"

"सभेत माहित नव्हतं जी," सेवकराम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो खरंच बोलत असावा असं वाटत होतं. "पन एक रस्ता हाये. बाहेरच्या मालानं आपल्या इथल्या धंद्याचं नुकसान झालं, असं सिद्ध करून देल्लं, तं त्या मालावर जास्तीचा कर लावता येते. करारातच तशी सोय हाये. मी वरतं सांगतो. सर्वेवाला पाठवतील."

भैय्यालाल घरी आला तो जवळजवळ पळतच. पडद्याच्या बाहेर उभा राहून त्यानं दोघींना सांगितलं, की कर लागला तर चीनचा धागा महाग होईल आणि व्यापारी परत घरच्या धाग्याकडे वळतील. फक्त नुकसान झालं हे दाखवून द्यायचं आहे.

"तेवढंच ना," आनंदाबाई आतून म्हणाली. "थे तं आंधळ्यालेबी दिसते."

आठ महिन्यांनी सर्वेवाला आला. तिशीतला, नागपूरकडचा, पायात बूट, हातात छापील फॉर्मांचं बाड. भैय्यालालनं सकाळपासून धुतलेला सदरा घालून ठेवला होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः मागाजवळ ताठ उभा राहिला.

माग किती, वर्षाला लुगडी किती, विणण्याचा अनुभव किती. भैय्यालाल खणखणीत उत्तरं देत होता. आजाच्या वेळचा माग कसा होता, तेही त्यानं न विचारता सांगितलं. सर्वेवाल्यानं मान हलवली, ते लिहायला जागा नव्हती.

"धागा कुठून घेता?"

"काही बाजारातला, काही घरचा."

"घरचा म्हणजे?"

भैय्यालाल अडखळला. पडद्यामागून चकरीची बारीक कुरकुर येत होती, ती थांबली. "म्हनजे... कोशे घेतो आमी. डोमा म्हनून एक मानूस आनते."

"त्याची पावती?"

"त्याची कायची पावती जी? थो जंगलातून आनते."

"बाजारातल्या धाग्याची?"

ती होती. भैय्यालालनं व्यवस्थित खिळ्याला अडकवून ठेवलेल्या चीनच्या धाग्याच्या सगळ्या पावत्या काढून दिल्या. आपण किती नेटका माणूस आहोत हे साहेबाला दिसावं, एवढाच त्याचा हेतू होता. सर्वेवाल्यानं त्या पाहून एका रकान्यात 'खरेदी' असं लिहिलं.

मग त्यानं नाक जरा आक्रसलं. "हा वास कसला?"

आत चुलीवर कोशे उकळत होते. भैय्यालालला एकदम लाज वाटली. साहेब पडद्याकडे पाहत होता, आणि पडद्यामागे दोघी तशाच बसलेल्या असणार, मांड्या उघड्या टाकून, हात राखेनं माखलेले. साहेब उठून आत गेला तर?

"रांधणं सुरू हाये," तो म्हणाला.

"घरात आणखी कोण कोण?"

"बायको अना वहिनी."

"त्या काय काम करतात?"

हा प्रश्न भैय्यालालला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आणि उत्तर तर प्रत्येक कोष्टी घरात तयारच असतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "काही नाही जी. घरीच असतेत."

सर्वेवाल्यानं दोन ओळींत 'गृहिणी, गृहिणी' असं लिहिलं, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेला. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी, साऱ्या पुऱ्यात त्याला हेच उत्तर मिळालं. कुणी ठरवून सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी अब्रू राखली होती.

तो गेल्यावर कौशल्या बाहेर आली. तिचे हात अजून ओले होते.

"आमाले काही काम नाही म्हनून काहून सांगतलं तुमी?"

"मंग का सांगू? माया घरच्या बाया मांडीवर धागा काढतेत म्हनू? त्यानं म्हनलं असतं दाखवा, तं?"

"चकरी दाखवाची होती. लड्या दाखवाच्या होत्या. आमाले कोन दाखवा म्हनत होतं?"

खरं तर चकरी दाखवता येते, हेच भैय्यालालच्या लक्षात आलं नव्हतं. "त्याले मागाचं विचारायचं होतं," तो म्हणाला. "मागाचं मी सारं सांगतलं." आनंदाबाई आत चुलीवरचं भांडं उतरवत होती.

पुढची दोन वर्षं वाट पाहण्यात गेली. भैय्यालालनं स्मरणपत्रं लिहिली. मधे निवडणूक झाली आणि नवा पक्ष पडला, जुना आला. प्रचारात जुन्याच्या नेत्यानं त्याच मैदानावर सांगितलं की नव्यानं विणकरांना परक्या मालाच्या तोंडी दिलं, आम्ही आलो की कर लावू. भैय्यालाल याही सभेला गेला. या वेळी मागे उभा राहिला, पण टाळ्या त्यानंही वाजवल्या. न वाजवून करणार काय होता? वर्षभरात सेवकरामही जुन्या पक्षात आला. दुकान तेच होतं, फक्त मागच्या भिंतीवरचा फोटो बदलला होता. भैय्यालाल गेला की तो सांगे, "बाजार आता मोकळा झाला भाऊ. मोकळ्या बाजारात टिकाचं तं मान्सानं बदलाव लागते. सरकार विणकरांसाठी केंद्र काढून रायलं. तयार धागा देतील, डिझाइन देतील." हेच तो नव्या पक्षात असतानाही म्हणाला होता. भैय्यालाल विचारी, "तयार धागा कोनाचा?" तेव्हा सेवकराम गिऱ्हाइकाचं पोतं उचलायला उठे.

या दोन वर्षांत भैय्यालालच्या मागावरही बाणा चीनचा चढला. तो मुद्दाम चढवला नव्हता. व्यापाऱ्यानं गाठीची तीन लुगडी परत पाठवली, आणि घरात पैसा थांबला. त्या दिवशी त्यानं मधल्या खोलीच्या दाराशी जाऊन एवढंच सांगितलं, "काही दिवस राहू द्या धागा." कौशल्यानं मान हलवली. आनंदाबाईनं हातातला धागा आधी पूर्ण वळला, चकरीवर चढवला, आणि मग लुगडं खाली ओढून उठली. निघालेल्या लड्या तिनं कापडात बांधून फळीवर ठेवल्या. डोमा त्यानंतर एकदाच आला आणि रिकाम्या हातानं पाणी पिऊन गेला.

कर लागेल, अशी आशा मात्र घरात होती. आनंदाबाई तर दर आठवड्याला विचारायची, "कागद आला का भाऊजी?" तिच्या जेवणातली भाकरी एकीवर आली होती. कौशल्या आग्रह करायची, तर ती म्हणायची की कागद येऊ दे, मग पोटभर खाईन.

कागद पावसाळ्याच्या तोंडावर आला. शिक्का दिल्लीचा, खाली मराठी प्रत जोडलेली. भैय्यालालनं ओसरीवर उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, दोघी दारात आल्या. सरकारी मराठी त्याच्या हातची होती, वाचताना तो कधी अडखळत नसे.

'सदर क्षेत्राच्या पाहणीत कोसा धाग्याचे स्थानिक उत्पादक आढळून आले नाहीत. विणकर कुटुंबे धागा बाजारातून खरेदी करीत असल्याचे पावत्यांवरून दिसून येते. कुटुंबातील स्त्रिया गृहिणी आहेत. सबब, आयात धाग्यामुळे स्थानिक धागा उत्पादनाचे नुकसान झाले, हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. उलटपक्षी स्वस्त धाग्यामुळे विणकरांना लाभच झाला आहे.'

'लाभच' या शब्दावर तो थांबला. पुढे सही होती, तारीख होती. ती त्यानं वाचली नाही.

"म्हनजे का झालं?" आनंदाबाईनं विचारलं.

कौशल्याला समजलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो सांगेल म्हणून ती थांबली, पण तो सांगेना, तेव्हा तीच म्हणाली, "इथं धागा कोनी काढतच नाही म्हनते, बाई. मंग नुकसान कायचं?"

"काढत नाही असं कोनी सांगतलं त्याइले?"

साऱ्या पुऱ्यानं सांगितलं होतं, पण या घरातलं भैय्यालालनं सांगितलं होतं, आणि तीन माणसं ऐकत असताना सांगितलं होतं. आनंदाबाईला आठवायला वेळ लागला नाही. ती ओरडली नाही, रडली नाही. "बरं," असं म्हणून ती आत गेली. भैय्यालालला वाटलं, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी ती सिहोऱ्याला भावाकडे निघून गेली. भाताच्या लावणीचा रोवणा सुरू झाला होता, बांधीतल्या चिखलात रोपं लावायला बायका कमी पडत होत्या. वय पंचावन्न, आयुष्यात कधी चिखलात पाय घातला नव्हता. कौशल्यानं खूप विनवलं, आपल्या गळ्याची शपथ घातली. "फुकटचं मले जात नाही गं," एवढंच ती म्हणाली आणि मोहाडीच्या स्टँडवरून बसमधे बसली.

भैय्यालालनं त्या आठवड्यात आयुष्यातलं सगळ्यात मोठं निवेदन लिहिलं. पहिली ओळ बदलायला त्याला एक अख्खी दुपार लागली. 'आम्ही कोसा धागा काढणाऱ्या बाया' असं त्यानं लिहिलं आणि घरोघर फिरून नावं गोळा केली. नवरे कुरकुरले, पण बायांनी सह्या केल्या, अंगठे दिले. एकोणचाळीस नावं झाली. पहिलं नाव आनंदाबाईचं असावं असं त्याच्या मनानं घेतलं, म्हणून ती जागा रिकामी ठेवून तो सिहोऱ्याला गेला.

ती बांधीत होती. गुडघाभर चिखल, वरून पावसाची झड, आठ-दहा बाया ओळीनं वाकून परे, म्हणजे भाताची रोपं, रोवत होत्या. आनंदाबाई ओळीच्या मागे पडली होती. भैय्यालाल शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहिला. हाक मारल्यावर तिनं वर पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली.

"घरी सारं बरं हाये ना भाऊजी?"

"बरं हाये. वहिनी, तुमी घरी चाला." मग त्यानं सदऱ्याच्या आतून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. "चुकी माही होती. मी सांगाले पायजे होतं. आता पुरं लिवलं हाये, साऱ्या बायाइचे नावं घेतले. त्याइनं लिवलं ना, इथं धागा काढनारं कोनी नाही म्हनून? आता दाखवू त्याइले. तुमचा अंगठा पायजे पयले."

आनंदाबाईनं कागदाकडे पाहिलं. तिच्या हातांना चिखल होता, तिनं तो पदराला पुसला नाही.

"पुऱ्यात कोनाच्या घरी कोशे उकडतेत आता?"

भैय्यालालनं आठवून पाहिलं. सारी घरं त्यानं पायांनी हिंडून काढली होती, आणि एकाही घरात त्याला तो वास आला नव्हता.

"कोनाच्याच नाही," तो म्हणाला.

"मंग आता तं खरंच लिवलं हाये त्याइनं," ती म्हणाली. ओळ पुढे निघून गेली होती. तिनं पऱ्यांची जुडी उचलली आणि पुन्हा वाकली.